तिसऱ्यांदा विचारलंच नाही

आमच्या गावात कुणी कुणाला सरळ प्रश्न विचारत नाही. शेजाऱ्याच्या गोठ्याचं छप्पर उडून रस्त्यात पडलं, तरी ‘काल वारा जरा सुटला होता, नाही?’ एवढंच बोलणं होतं. अपवाद फक्त बारावीतल्या पोरांचा. त्या वर्षी दुकानात, पोस्टात, चर्चच्या पायरीवर ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, ‘मग किर्स्टन, पुढे काय?’

मी ‘बघू’ म्हणायचे. मिनेसोटाच्या ह्या टोकाला ‘बघू’ हे चांगलं उत्तर आहे. त्यात बढाई नाही, तक्रार नाही. लोक मान डोलवायचे आणि हवामानाकडे वळायचे. पण एप्रिल लागला, शेतांतला बर्फ वितळून चिखल झाला, तशी ती मान डोलवायची तऱ्हा बदलली. घरात कुणी आजारी असल्यासारखे सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. मला संताप यायचा. आणि आमच्याकडे संताप आला की काय करतात? भांडी घासतात. त्या महिन्यात आमच्या घरातली भांडी आरशासारखी चकचकीत होती.

शाळेत पुढचा मार्ग दाखवायला लिंडक्विस्ट सर होते. त्यांच्या खोलीत एक मोठं चित्र होतं, डोंगराच्या टोकावर हात पसरून उभी असलेली मुलगी, आणि खाली लिहिलेलं, ‘तुझी आवड शोध.’ आमच्या गावाच्या शंभर मैलांत डोंगर नाही. आणि आवड काय हातमोज्यासारखी कुठे पडलेली असते, शोधायला? सरांनी मला संगणकापुढे बसवलं. एकशे वीस प्रश्न. ‘तुम्हाला लोकांत काम करायला आवडतं का? तुम्ही इतरांपेक्षा जास्त बारकाईने बघता का?’ उत्तरं तीनच, नेहमी, कधीकधी, कधीच नाही.

आता सांगा, ‘नेहमी’ असं कोण लिहील? शेफारली म्हणतील. आणि ‘कधीच नाही’ लिहिलं तर किरकिरी. मी एकशे वीसच्या एकशे वीस प्रश्नांना ‘कधीकधी’ ठोकलं. संगणकाने जरा विचार केला आणि कागद बाहेर टाकला, ‘माहिती अपुरी आहे.’

‘हं,’ लिंडक्विस्ट सर चष्मा पुसत म्हणाले, ‘ह्या वर्षीची तू सव्विसावी.’

‘वर्गात आहेत किती?’

‘एकतीस.’

मग आईनेच ठरवलं. म्हणजे ठरवलं असं ती म्हणत नाही. तिने दंतवैद्याच्या मदतनिसाच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाच्या बाटलीखाली ठेवला. ‘नुसता असू दे तिथे,’ म्हणाली. मग तिनेच तो पाठवला, प्रवेश मिळालाही, आणि बाटलीखाली होकाराचा कागद आला. एक मेपर्यंत होकार कळवायचा होता, वर्ग सप्टेंबरात सुरू. माझं लोकांच्या दातांशी काही वाकडं नव्हतं. पण तो कागद बघितला की मला खुर्चीत मागे डोकं टाकून, तोंड उघडून पडल्यासारखं वाटायचं. ‘मला हे नको’ असं म्हणायला ‘मला ते हवं’ असं काहीतरी लागतं, आणि माझ्याकडे ‘ते’ नव्हतं.

ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, एका पांढऱ्या व्हॅनमधून.

आमच्या चर्चमधला ऑर्गन शंभर वर्षांचा. माळ्यावर एका मोठ्या लाकडी कपाटात त्याच्या नळ्या उभ्या असतात, नऊशेच्या वर. काही माझ्यापेक्षा उंच, काही पेन्सिलीएवढ्या. दर काही वर्षांनी त्या सुरात लावाव्या लागतात. नेहमीचा म्हातारा वारला होता, म्हणून ह्या वेळी डुलुथ शहरातून नवीन बाई आली. डोलोरेस कापुटो. मूळची न्यू जर्सीची. बोलायची अशी की दोन खोल्या पलीकडच्या माणसाला वाटावं आपल्यालाच रागावतेय. तिचा मदतनीस ऐन वेळी काम सोडून गेला होता. सूर लावणारा कपाटात शिरतो, तेव्हा बाहेर बसून एकेक पट्टी दाबून धरायला कुणीतरी लागतं. माझी आई चर्चच्या कचेरीत काम करते, त्यामुळे ते कुणीतरी म्हणजे मी. शाळेने तीन दिवस सोडलं. ‘अनुभव’ म्हणून लिंडक्विस्ट सरांनी कुठल्याशा रकान्यात खूण केली असणार.

पहिल्या दिवशी कापुटोबाईंनी तळघरातला फ्रिज बंद करायला लावला. त्याची घरघर म्हणे वर ऐकू येते. त्यात शनिवारच्या अंत्यविधीच्या जेवणाचं हॅम होतं. आई पळतच आली, पण ‘ओह, बरं बरं, काही हरकत नाही’ म्हणाली आणि हॅम आमच्या घरी घेऊन गेली.

दुपारी बाईंनी डबा उघडला. सॉसेज आणि भाजलेल्या मिरच्यांचे दोन जाडजूड सँडविच. ‘घे एक,’ त्या म्हणाल्या.

‘नको नको, तुम्ही खा.’

‘घे की. दोन आहेत.’

‘नाही, मला खरंच भूक नाही.’ पोटात कावळे ओरडत होते.

‘बरं,’ म्हणून त्यांनी दोन्ही खाल्ली. माझ्या डोळ्यांदेखत.

आमच्याकडे रीत अशी आहे. पहिल्यांदा कुणी काही देऊ केलं की नाही म्हणायचं, ही सभ्यता. दुसऱ्यांदाही नाहीच, म्हणजे आपण हपापलेले नाही हे कळतं. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, तुम्हाला त्रास नसेल तर अगदी थोडं’. देणाऱ्यालाही हे पाठ असतं, म्हणून तो तीनदा विचारतो. असं करत करत आम्ही सगळे जेवतो आणि कुणी उपाशी राहात नाही. त्या दुपारी मी उपाशी राहिले. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. पण मला वाटलं, बाईच उद्धट आहे.

काम मात्र भलतंच होतं. मी पट्टी दाबून धरायची, दोन नळ्या एकदम वाजायच्या. सूर जुळत नसला की आवाज हलतो, पाण्यावरच्या लाटेसारखा, वां-वां-वां. आतून कापुटोबाई नळीच्या तोंडावरचं पत्र्याचं कडं हलक्या हाताने ठोकत जायच्या. लाटा हळू व्हायच्या, आणखी हळू, आणि मग एकदम थांबायच्या. दोन आवाजांचा एकच व्हायचा. ‘पुढची!’ आतून ओरड. मी पुढची पट्टी दाबायची. दिवसभर हेच. मला कंटाळा यायला हवा होता. घड्याळात बघितलं तेव्हा पाच वाजून गेले होते आणि माझे पाय बधिर झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतून ‘पुढची!’ आलं आणि माझा हात उचललाच गेला नाही.

‘पुढची! झोपलीस काय?’

‘थांबा,’ मी म्हणाले. ‘अजून हलतोय.’

माझे कान तापले. मोठ्या माणसाला तोंडावर ‘तुमचं चुकलं’ म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. मी माफी मागणार एवढ्यात आतून एकदाच बारीक टक् झालं आणि आवाज थांबला. आता खरा थांबला.

कपाटाचं दार उघडून बाईंनी डोकं बाहेर काढलं. केसांत जळमटं. ‘कुणी शिकवलं तुला हे?’

‘कुणी नाही.’

‘हं,’ त्या म्हणाल्या. ‘ये आत.’

त्या दिवसापासून त्यांनी मला आत घेतलं. पितळेची जिभली असलेल्या नळ्या कशा उतरवायच्या, कुठे हात लावायचा नाही, हे दाखवलं. एक नळी कित्येक वर्षं मुकी होती. रविवारी त्या सुराच्या जागी नुसती फुस्स हवा यायची आणि सगळं गाव ते न ऐकल्यासारखं करून गात राहायचं. मी ती नळी उलटी केली तर आतून मेलेली गांधीलमाशी पडली. नळी परत बसवून वाजवली तेव्हा माझ्या हातावर काटा आला. दातांच्या कागदाखेरीज जगात आणखी काहीतरी आहे हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते मला हवं होतं. इतकं हवं होतं की भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी चारला काम संपलं. तळघरात बायकांनी कॉफी आणि लिंबाच्या वड्या मांडल्या होत्या. कापुटोबाई माझ्यासमोर बसल्या, वडी उचलली आणि तोंडात घास असतानाच म्हणाल्या, ‘ऐक. जूनपासून माझ्याकडे कामाला ये. डुलुथला. वर्कशॉपच्या वर खोली आहे. तीन-चार वर्षांत सगळं शिकवीन. तुझे कान चांगले आहेत, आणि चांगले कान दुकानात मिळत नाहीत.’

हेच मला हवं होतं. आणि तोंडाने, सतरा वर्षांच्या सवयीने, आपलं काम केलं. ‘छे छे, तुम्हाला कशाला त्रास.’

‘त्रास कसला? मला माणूस हवाय.’

‘नाही हो. मला काही येत नाही. तुमच्या पायात पायात येईन नुसती.’

आता तिसऱ्यांदा विचार. मी कपावर नजर ठेवून थांबले. विचार ना. वाक्य जिभेवर तयार होतं, ‘बरं, तुमची गैरसोय नसेल तर.’

‘ठीक आहे,’ कापुटोबाई म्हणाल्या. ‘विचारून बघितलं.’ आणि उठल्या.

मी त्यांच्या हत्यारांच्या पेट्या व्हॅनपर्यंत नेल्या. एका फेरीत झालं असतं, मी मुद्दाम तीन फेऱ्या मारल्या. दर फेरीला जरा थांबायचे, बुटाची नाडी बांधायचे. आमच्याकडे निरोप म्हणजे अर्ध्या तासाचं काम असतं. दारात बोलायचं, पायरीवर बोलायचं, गाडीच्या काचेत वाकून बोलायचं. महत्त्वाचं सगळं त्या काचेपाशी निघतं. मी काचेपाशी वाकले. ‘बाय, पोरी. छान काम केलंस,’ म्हणून बाईंनी गाडी सुरू केली. चाकांचा चिखल माझ्या पँटवर उडाला.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं. ‘कितीदा विचारलं?’

‘दोनदा.’

‘अगं मग विचारेल ती. एवढी घाई काय? खरंच हवी असशील तर चर्चला कामाबद्दल पत्र पाठवेल त्यात लिहील.’

‘आणि नाही लिहिलं तर?’

‘तर तिच्या मनात नव्हतंच असं समजायचं,’ आई म्हणाली. तिच्या दृष्टीने हा हिशोब चोख होता.

पत्र आठ दिवसांनी आलं. आईने ते कचेरीतून घरी आणलं आणि माझ्यापुढे धरलं. उंदरांचा बंदोबस्त करा. हवेच्या पेटीचं कातडं दोन वर्षांत बदला. हिवाळ्यात चर्च एकदम तापवू नका. खाली सही. मी कागद उलटा करूनही बघितला.

मग मी बाईंचा राग राग केला. काय बाई आहे! एकदा, फक्त एकदा आणखी विचारायला जीभ झिजली असती? पाकिटावर वर्कशॉपचा नंबर छापलेला होता. मी तो रोज बघायचे. फोन मात्र करायचे नाही, कारण नाही म्हटलेली गोष्ट मागायला जाणं म्हणजे दुसऱ्याच्या पानातलं उचलून घेणं. रात्री अंथरुणात मला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, ‘पायात पायात येईन नुसती.’ उशी तोंडावर दाबून मी ओरडायचे. बेताने ओरडायचे, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून.

एप्रिलची एकोणतीस तारीख. जेवायला हॉटडिश होतं, म्हणजे खिमा आणि बटाटे एकत्र भाजलेले. आईने मिठाची बाटली उचलली आणि खालचा कागद अगदी सहज, बोटाने दोन इंच माझ्याकडे सरकवला. ‘परवा शेवटचा दिवस,’ ती म्हणाली. ‘असं काही नाही, पण आहे.’

मी म्हणाले, ‘बघते.’

बाबा त्या बाईंबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. माझे बाबा धान्याच्या कोठारांवर काम करतात, गव्हाचे ट्रक रिकामे करून घेतात. दिवसाकाठी तीस-चाळीस वाक्यं बोलतात, त्यातली निम्मी ट्रकवाल्यांशी. ते ताटाकडे बघत म्हणाले, ‘माझ्या वेळी एक जण होता. विमानातून फवारणी करायचा. मी त्याच्या टाक्या भरून द्यायचो, दोन उन्हाळे.’

आईने मान वर केली. तिलाही हे नवीन होतं.

‘टेक्सासचा होता. म्हणाला, चल माझ्याबरोबर, उडवायला शिकवतो.’

‘मग?’ मी विचारलं.

‘दोनदा विचारलं त्याने.’ बाबांनी आणखी थोडे बटाटे वाढून घेतले. ‘भला माणूस होता.’

बस्स. एवढंच. ते परत जेवायला लागले. दरवर्षी जुलैत बीटाच्या शेतांवरून पिवळं विमान खाली येतं तेव्हा बाबा ट्रक थांबवून बाहेर उभे राहतात. मला वाटायचं, ते पिकं बघतात. मला भयंकर राग आला. बाबांचा, त्या टेक्सासवाल्याचा, ह्या आख्ख्या गावाचा, जिथे माणूस तीस वर्षं एका प्रश्नाची वाट बघतो आणि वर ‘भला माणूस’ म्हणतो. मी उठले आणि फोन घेतला.

‘अगं, जेवण चाललंय,’ आई म्हणाली. ‘कुणाला करतेस? किर्स्टन, असं मागायला जायचं नसतं गं लोकांकडे.’

पलीकडे चार घंट्या झाल्या. ‘कापुटो!’

‘मी किर्स्टन आमट बोलतेय. तुमच्या पट्ट्या दाबत होते ती.’

‘हां. जिला नको होतं ती.’

‘मला हवं होतं.’

‘तू नाही म्हणालीस. दोनदा.’

‘आमच्याकडे तिसऱ्यांदा हो म्हणतात.’

मग त्या म्हणाल्या, ‘पोरी, माझ्या गावात बाई दोनदा नाही म्हणाली आणि तरी कुणी तिसऱ्यांदा विचारलं, तर लोक पोलीस बोलावतात.’ मग आवाज जरा खाली आला. ‘जागा गेली. फार्गोचा मुलगा आहे, एक जूनला येतोय. माझं वाक्य संपायच्या आत हो म्हणाला तो.’

‘ओह, बरं बरं. काही हरकत नाही...’ हे मी नव्हते बोलत, माझी जीभ बोलत होती. मी तिला दातांत धरलं. खरंच चावलं. ‘नाही. हरकत आहे. मला फार वाईट वाटतंय आणि रागही आलाय.’

‘कुणाचा?’

‘माझा. आणि थोडा तुमचा.’

मागे आईच्या तोंडून ‘बाई गं’ निघालं.

‘बरं,’ कापुटोबाई म्हणाल्या. ‘त्याला शब्द दिलाय, तो मी फिरवणार नाही. पण सप्टेंबरात ग्रँड फोर्क्सला एक ऑर्गन आख्खा उतरवायचाय. सहा आठवडे. दोन हात कमी पडणार आहेत. नळ्या धुवायच्या, पुसायच्या, गुंडाळायच्या. घाणीचं काम आहे. नंतरचं काही—’

‘हो.’

‘नंतरचं काही वचन देत नाही, असं म्हणत होते.’

‘हो. मी येते. मला यायचंय.’

‘फार्गोवाल्यापेक्षा लवकर म्हणालीस,’ त्या म्हणाल्या आणि फोन आपटला.

मी वळले. फक्त सहा आठवडे, ज्यांच्यापुढे काही नाही. आणि त्यासाठी दातांची जागा सोडावी लागणार होती, कारण वर्ग त्याच महिन्यात होते. हे आईलाही कळलं होतं. ती दोन्ही हातांत तो कागद धरून बसली होती. तिचा चेहरा पडलेला होता, पण पहिलं बोलली ते वेगळंच.

‘निदान एकदा तरी नाही म्हणायचंस गं,’ ती म्हणाली. ‘काय वाटलं असेल त्या बाईला? म्हणेल, किती हावरट मुलगी.’

‘म्हणू दे. आहेच मी हावरट.’

ह्या शब्दासाठी लहानपणी मला टेबलावरून उठवलं असतं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी काटा ताटात ठेवला होता.

‘मीही होतो,’ ते म्हणाले.